दसऱ्याचा हूक

श्यामलालच्या जीपला पुढं एक लाल हूक होता आणि त्या हुकाचा त्याला भारी अभिमान. गाडी तीस वर्षांची, सरकारी लिलावात घेतलेली, चारही चाकांनी ओढणारी. धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या अलीकडं धानाच्या बांध्यांतून, त्या चिखलाच्या खाचरांतून, रोवणीच्या बाया, रोपांच्या म्हणजे पऱ्ह्यांच्या पेंढ्या, खताची पोती, सगळं तीच वाहायची. दर दसऱ्याला श्यामलाल त्या हुकावर लाल ऑइलपेंटचा नवा हात मारी, हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली. बारा दसरे, बारा हात. पूजा करणाऱ्यानं खाली वाकून पाहू नये असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय देव जाणे, पण हा गडी बारा वर्षांत एकदाही वाकला नाही.

मागच्या रोवणीत जीप बांधीत रुतली. मदतीला धावला सेवकराम, शेजारच्या बांधीचा मालक आणि चाळीस वर्षांचा दोस्त. दोर श्यामलालनं स्वतः हुकाला बांधला. सेवकरामनं ट्रॅक्टर पुढं घेतला, दोर ताणला, आणि बंपरचा पत्रा फाडून हूक जो उडाला तो थेट सेवकरामच्या पाठमोऱ्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडलं. तीन महिने हात गळ्यात होता. आजही तो हात डोक्याच्या वर जात नाही, टोपी उजव्या हातानंच घालावी लागते.

इथवर झाला तो अपघात. पुढचं मात्र श्यामलालनं आपल्या तोंडानं करून ठेवलं. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर चार लोकांनी विचारलं, तर हा बोलून गेला की सेवकरामनं क्लच झटक्यानं सोडला, नाहीतर एवढा हूक तुटतो काय! संध्याकाळच्या आत ते बोलणं सेवकरामच्या अंगणात पोचलं. तो भांडायला आला नाही. रोज संध्याकाळी श्यामलालच्या ओसरीवर चहाला यायचा, तेवढं बंद झालं. श्यामलालची बायको प्रेमिला महिनाभर सवयीनं तीन कप मांडत राहिली, मग तिनंही एक कप फळीवर ठेवून दिला. श्यामलालला ती ओसरी खायला उठायची. पण माफी मागायची म्हटलं की जीभ जड व्हायची, आणि झटका बसलाच असेल, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

यंदाची रोवणी तोंडावर आली, तसा तो जीप घेऊन आमगावला नूतनच्या वर्कशॉपमध्ये गेला. नूतन आयटीआय झालेली, हाताला ग्रीस आणि जिभेला धार. तुटलेला हूक तिच्यापुढं टाकून श्यामलाल म्हणाला की हा परत जाम वेल्ड करून दे, बस. नूतननं हूक उचलला, उलटा केला आणि ग्राइंडर लावला. बारा दसऱ्यांचा रंग भराभरा उडाला. खालचं लोखंड दिसल्यावर तिनं ग्राइंडर बंद केला.

"काका, हा कोणाकडून लावला होता?"

"गावातच लावून घेतलो. काऊन?"

"हा ट्रॉलीचा हूक आहे. लावला कुठं, तर बंपरच्या पत्र्याले. वेल्डिंगही दोनच टाके. हा कधी ना कधी जाणारच होता."

"झटका बसला म्हणून गेला ना पण?"

"हळू ओढलं असतं तरी गेला असता," नूतन म्हणाली.

श्यामलाल तिथल्या जुन्या टायरवर मटकन बसला. वर्षभर ज्या झटक्याच्या भरवशावर तो झोपत होता, तो झटका कधी नव्हताच. त्याला सेवकरामचा गळ्यात अडकवलेला हात आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

नूतननं मग त्याला गाडीखाली बोलावलं. साठीचा गडी गोणपाटावर आडवा झाला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या गाडीखाली वाकला म्हणा ना! तिनं हातोडीनं बंपर वाजवला, तर डबा वाजावा तसा वाजला. मग चेसिसच्या दोन जाड दांड्या वाजवल्या, तर ठण्ण आवाज आला. दोन्ही दांड्यांच्या टोकांना चिखलानं बुजलेली भोकं होती. नूतननं खिळ्यानं चिखल कोरून काढला. गाडी ओढायची खरी जागा ही, असं ती म्हणाली. ती पहिल्या दिवसापासून इथंच होती, कोणी पाहिली नव्हती एवढंच. दोन्हीकडं बोटभर जाडीच्या पट्ट्या लावू, मोठ्या बोल्टनं आवळू, आणि दोर दोन्हीकडून घेऊ म्हणजे जोर वाटला जाईल. वेल्डिंगचं तिनं नावही काढू दिलं नाही. शिवाय ओढताना दोरावर ओलं पोतं टाकत जा, दोर तुटलाच तर तिथंच पडेल, असंही तिनं पट्ट्या बसवून देताना बजावलं.

बाजाराच्या दिवशी श्यामलाल त्याच टपरीवर गेला. तेच चार लोक होते. त्यानं खरवडलेला हूक बाकावर ठेवला.

"पाहून घ्या," तो म्हणाला. "हा मी लावून घेतलो होतो, चुकीच्या जागी. सेवकरामनं झटका देल्ला नव्हता. मी खोटं बोललो."

चौघांचे चहा थंड झाले. एकानं हूक हातात घेतला, पाहिला, परत ठेवला. श्यामलाल हूक उचलून घरी आला. पण बातमीला वाट माहीत होती. संध्याकाळच्या आत तीही सेवकरामच्या अंगणात पोचली.

दुसऱ्या सकाळी श्यामलाल मुद्दाम जीप बांधीत घालून नव्या पट्ट्यांची परीक्षा घ्यायला निघाला. चाकं आसापर्यंत रुतली. आता ओढायला कोणाला बोलवावं या विचारात तो उभा होता, तेवढ्यात धुऱ्याच्या बांधावरून ट्रॅक्टर आला. सेवकराम. तो उतरला, चिखलात गुडघे टेकून जीपखाली पाहू लागला. दोन्ही पट्ट्या हलवून पाहिल्या, बोल्टांवर बोट फिरवलं. दोर त्यानं स्वतः बांधला, वर ओलं पोतं टाकलं. मग ट्रॅक्टरकडं बोट दाखवून म्हणाला, "तू बस तिथं. मी जीपमधी बसतो."

श्यामलालला कळलं. तो ट्रॅक्टरवर चढला, ज्या जागी मागच्या वर्षी सेवकराम बसला होता त्याच जागी. त्यानं जीपकडं पाठ केली. डावा खांदा आपोआप आखडला, पाठीचं कातडं शहारलं. एवढं भ्या सेवकरामला वाटायला वेळही मिळाला नसेल, असं मनात आलं आणि त्याचे डोळे भरले. त्यानं क्लच सोडला, हळू, अगदी हळू. दोर ताणला. ट्रॅक्टर कण्हला. मागं चिखलानं मोठ्ठा आवाज केला आणि वजन सुटलं. जीप धुऱ्यावर आली होती. पट्ट्या जिथल्या तिथं होत्या.

सेवकराम उतरला, दोर सोडला आणि पुन्हा स्टीअरिंगवर जाऊन बसला.

"लय हळू ओढतोस बे," तो म्हणाला. "झटका द्यायले शीक जरासा."

एवढं बोलून तो जीप घेऊन निघालासुद्धा. आपल्या घराकडं नाही, श्यामलालच्या. श्यामलाल ट्रॅक्टर घेऊन मागोमाग गेला. अंगणात पोचला तेव्हा सेवकराम ओसरीवर आपल्या जागी बसला होता आणि प्रेमिला फळीवरचा तिसरा कप धूत होती.