आडमुठ्या वळणापुढचं पाणी

आगबोटी बंद होऊन जमाना झाला, पण आगबोटवेड्यांचं वेड काही उतरलेलं नाही. दरवर्षी थंडी ओसरली की ही मंडळी नदीकाठच्या शाळेचं सभागृह दिवसभरासाठी मागून घेतात आणि तीच ती माहिती एकमेकांना नव्या उत्साहाने सांगतात. कोणाकडे जुनी तिकिटं, कोणाकडे बॉयलरवरची पितळी पट्टी. एकाकडे तर नुसता एक खिळा आहे, आणि तोही मखमलीच्या डबीतून आणला जातो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, कारण बोटीच्या भोंग्याचा आवाज ते तोंडाने हुबेहूब काढतात. एरवीचं त्यांचं बोलणंही त्याच पट्टीतलं असतं.

चष्मेवाली काही या मंडळाची सभासद नव्हती. बाजारात तिचं चष्म्यांचं दुकान होतं आणि निम्म्या मंडळाच्या नाकावर तिनेच बसवलेले चष्मे होते. ती यायची ती बाबांना घेऊन. बाबा शेवटच्या आगबोटीचे सुकाणी, म्हणजे चाक धरणारे. त्यांचे थोरले भाऊ, तिचे काका, त्याच बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहून रंगाच्या खुणा केलेल्या बांबूने पाण्याची खोली मोजायचे. काका ओरडत, "चार हात, चिखल!" बाबा वरून उत्तर देत, "ऐकलं!" आणि त्याप्रमाणे चाक फिरवत. उत्तर द्यायचंच, असा बोटीवरचा नियम होता.

मेळाव्याचा मानाचा कार्यक्रम म्हणजे फेरी. जमिनीवर दोर पसरून बोटीचा आकार करायचा, त्यात खुर्च्या मांडून सगळ्यांनी उतारू म्हणून बसायचं. मागे स्टुलावर बाबा, समोर बोटीचं खरंखुरं लाकडी चाक. पुढच्या टोकाला बांबू घेऊन काका. मग जुनी नदी पाठ असल्यासारखे काका हाका मारत जायचे, बाबा "ऐकलं, ऐकलं" करत बोट हाकायचे आणि मोठमोठी माणसं वळणावर खुर्चीतल्या खुर्चीत कलायची. बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर तो दारातूनच परत फिरला असता.

आणि दरवर्षी ही बोट आडमुठ्या वळणावर रुतायची.

कारण खरी बोटही तिथेच रुतली होती. दाट धुक्याची सकाळ, भरलेली बोट, आणि वळणावर ती सरळ वाळूवर जाऊन बसली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. उतारू जोडे हातात घेऊन पाण्यातून काठावर गेले. पण काकांचं म्हणणं, मी "दोन हात, वाळू!" असं घसा फोडून ओरडलो होतो. बाबांचं म्हणणं, कोणी ओरडलंच नव्हतं, मी काय बहिरा आहे? एरवी दोघा भावांचं गूळपीठ. एका ताटात जेवतील, एकमेकांचे शर्ट घालतील. हा विषय निघाला की मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना. मंडळातही दोन तट पडले होते. फेरीत वळण आलं की काका जोरात हाक द्यायचे, बाबा छताकडे बघत बसायचे, उत्तर नाही, चाक सरळ. भोंगा घंटा बडवून जाहीर करायचा, "बोट रुतली!" सगळे खो खो हसायचे आणि चहाला उठायचे. काका आपले बसलेल्या घशाने "यंदाही नाही" एवढंच म्हणायचे. मेळाव्याच्या सुमारास त्यांचा घसा कायम बसलेला असायचा. सर्दी, असं ते सांगत.

यंदा काका नव्हते. मेळाव्याला थोडे महिने उरले असताना झोपेतच गेले. बाबांनी सगळं निस्तरलं, आल्यागेल्याचं पाहिलं, पण डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही. भावाचं नावही काढेनात. चष्मेवालीला त्याचीच धास्ती वाटत होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी बाबा दुकानात आले, काचा पुसायचं फडकं उगाच हातात घेऊन म्हणाले, "यंदा हाका तू मार."

"मी? मला कुठे येतंय, बाबा?"

"लहानपणापासून ऐकतेयस की. फक्त वळणावर गप्प राहा. त्या दिवशी कोणी ओरडलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारातच काकूने तिचा दंड धरला. "वळणावर 'दोन हात' म्हणायला चुकू नकोस हं. हे काही आता स्वतः येऊन सांगणार नाहीत."

चष्मेवाली चांगलीच कात्रीत सापडली. ओरडावं तर सगळ्यांसमोर बाप खोटा पडतो, गप्प राहावं तर गेलेला काका. भोंग्याला विचारलं, तर तो म्हणाला, "छे छे, हा मंडळाचा नाजूक प्रश्न आहे," आणि हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दोर पसरला. खुर्च्या भरल्या. काकू पहिल्या रांगेत पदर सावरून बसली. चष्मेवालीने बांबू हातात घेतला. काकांच्या तळव्यांनी तो एका जागी गुळगुळीत झाला होता. भोंग्याने भोंगा वाजवला आणि बोट सुटली.

"सहा हात, पाणी!"

"ऐकलं!"

"चार हात, चिखल!"

"ऐकलं!"

पहिल्या दोनचार हाका चाचपडत गेल्या, मग जमू लागलं. उतारू डावीकडे कलले, उजवीकडे कलले. देवळाचा घाट गेला, वीटभट्टी गेली, आणि वळण आलं. खिळेवाल्याने डबी मिटली. तिने मागे पाहिलं. बाबा नेहमीसारखे छताकडे बघत नव्हते. ते बांबूच्या टोकाकडे बघत होते.

तिचं ठरलं. बाबांना राग आला तर घरी जाऊन समजूत काढता येईल, काकांची कशी काढणार? तिने छाती भरून श्वास घेतला.

पण ती ओरडायच्या आतच मागून आवाज आला.

"ऐकलं, दादा."

आणि चाक करकरत डावीकडे फिरलं.

कोणी हसलं नाही. भोंग्याच्या हातातली घंटा हातातच राहिली. उतारूंना कलायचं भानही राहिलं नाही. बोट आडमुठं वळण ओलांडून पुढे आली होती आणि फेरीत त्यापुढचं पाणी कोणीच पाहिलं नव्हतं. चष्मेवाली बांबू धरून खुळ्यासारखी उभी राहिली. इथपर्यंतच्या हाका तिने ऐकल्या होत्या. पुढच्या ऐकायची वेळच कधी आली नव्हती.

"हाक दे," बाबा म्हणाले.

"बाबा, मला पुढचं येत नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली. काकू उठून उभी राहिली होती. डोळे मिटून ती भाजीवालीला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात ओरडली, "तीन हात, वाळू! मग पाच हात, पाणी!"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, तुम्हाला कसं..."

"मेळावा जवळ आला की रोज पाठ करायचे, भाऊजी. न्हाणीघरात, गच्चीवर. थेट शेवटच्या घाटापर्यंत. घसा बसायचा तरी थांबायचे नाहीत. म्हणायचे, यंदा त्याने बोट वळवली आणि मला पुढचं आठवलं नाही तर?" काकूने डोळे पुसले. "आता उत्तर द्या की. बोट खोळंबली आहे."

"ऐकलं, वहिनी," बाबा म्हणाले, आणि इतक्या महिन्यांचं कोंडलेलं रडू तिथेच, चाकावर, सगळ्यांसमोर फुटलं. पण चाक त्यांनी सोडलं नाही. काकू हाका देत राहिली, बाबा रडत रडत उत्तरं देत राहिले, आणि उतारू पुन्हा नीट कलू लागले. शेवटच्या घाटाला बोट लागली तेव्हा भोंग्याला भोंगा वाजवता येईना. ओठच जुळेनात.

चहाच्या वेळी चष्मेवालीने बाबांचा ओला चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबा, त्या दिवशी खरंच ऐकू आलं होतं का?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "शपथेवर सांगतो, नाही. पण तो ओरडला असणारच. दादाने हाक दिली नाही, असं कधी झालंय?"