सातव्या मजल्याची उजवी बाजू

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे, टीव्हीवर खेळायच्या गेमची. अंगावर कवटीचं चित्र आहे, पण त्यावर जाऊ नका. माझ्याइतकी भित्री वस्तू या घरात दुसरी नाही.

घाबरू नको तर काय करू? माझ्या पोटात नऊ मजली तळघर आहे. एकेक मजला खाली उतरायचं, हातात एक बंदूक, मजल्याला मोजून चाळीस गोळ्या. दारं किल्लीशिवाय उघडत नाहीत, नकाशा मिळत नाही आणि जीव एकच. खेळात मेलात, की तुम्ही आजवर केलेलं सगळं मला पुसून टाकावं लागतं. मला घडवणाऱ्यांनी तसंच लिहून ठेवलंय. माझा पहिला मालक न्हावी होता. दोन महिने खपून तो पाचव्या मजल्यावर पोचला आणि तिथेच गारद झाला. मी सगळं पुसलं, तेव्हा तो एवढा बाप्या टॉवेलात तोंड खुपसून रडला. तेव्हापासून कुणी खेळायला बसलं, की मी त्याच्या उरलेल्या गोळ्या मोजत बसते.

न्हाव्यानं घर बदललं आणि मला, ज्यात खुपसून टीव्हीला जोडतात त्या खोक्यासकट, शेजारी देऊन टाकलं. शेजारी दोघीच राहायच्या. शिवणकाम करणारी सून आणि टायपिस्टची नोकरी करून निवृत्त झालेली सासू. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा घरी. जेवण झालं का, गॅस बंद केला का, यापलीकडे दोघींचं बोलणं नाही. एका दुपारी सासूबाईंनी सहज मला लावलं. जन्मभर टाइपरायटर बडवलेली ती बोटं अशी काही चालली, की माझी वटवाघळं धडाधड पडली.

"अगं, ये इकडे! हे रस्ते माझ्या लक्षात राहत नाहीत. तू काढून ठेव बघू."

सून कापडाचे नमुने काढायचा खाकी कागद घेऊन बसली. तिची सवय शिवणाऱ्या बाईची. कागदाला घडी घालायची, अर्धीच बाजू काढून कापायची, उलगडलं की दुसरी बाजू आयती तयार. दोन मजले झाल्यावर ती हसायलाच लागली. "आई, हे तळघर म्हणजे शर्टाची पाठच की हो! डावीकडे तेच उजवीकडे."

खरंच होतं ते. घडवणाऱ्यांनी जागा वाचवायला माझे पहिले सहा मजले अर्धेच काढलेत आणि उलटे करून जोडलेत. मग काय, रोज दुपारी शिलाई मशीन बंद, आणि दोघींचा कल्ला सुरू. "डावीकडे वळा म्हटलं ना!" "वळतेय गं बाई, मला काय चाकं लावलीत?"

पण मला एक गोष्ट कळली होती आणि माझी पाचावर धारण बसली होती. मला बटणांवरची बोटं कळतात. सांगाडा डावीकडून आला, की सासूबाईंची गोळी लगेच सुटायची. उजवीकडून आला, तर त्याचा घाव बसल्यावरच. दर वेळी. पुढेपुढे तर उजवीकडे बघायला त्या खेळातला माणूसच पुरता वळवून घ्यायच्या.

एकदा सून बाजारात गेली होती. सासूबाई मला लावून नुसत्याच बसल्या. मग हळूच मलाच म्हणाल्या, "उजवीकडचं जातंय गं दिसायचं. माझ्या आईचं असंच गेलं. तिला कोपऱ्यात बसवली आणि सगळे तिच्याशी ओरडून बोलायला लागले, जशी काही ती बहिरीच झाली होती. मला नाही बसायचं कोपऱ्यात. तू बोलू नकोस हं कुणाला."

मी कसली बोलतेय! बोलता आलं असतं तर तेव्हाच किंचाळले असते, की बाई, सुनेला सांग, डॉक्टरकडे जा, उरलंय तेवढं तरी वाचव. रोज थोडं थोडं जात होतं आणि ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी थरथरायचे, टीव्हीवर रेघा उमटायच्या. "कॅसेट हलली वाटतं," म्हणत सून मला काढून फुंकर मारायची आणि परत खुपसायची.

अशात सातवा मजला आला. घडवणाऱ्यांनी तिथेच दगा ठेवलाय. त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत.

सुनेनं डावी बाजू काढली, घडी उलगडली. "झालं! उजवीकडे नुसती भिंत आहे. तिकडे वळत बसू नका, सरळ किल्लीकडे चला."

सासूबाई तिच्या शब्दावर सरळ निघाल्या. कागदावर भिंत होती तिथे माझी कमान होती आणि कमानीतून शिंगवाला राक्षस निघाला. त्याच्या पावलांना आवाज नसतो. मी मनात नको नको म्हणत होते, पण त्याला चालवणारी मीच. एक पाऊल. आणखी एक. बटणं गप्प. त्यानं तीन घाव घातले आणि पडदा लाल झाला.

"अहो आई! अर्धा टीव्ही भरून होता की तो! मारलं का नाही?"

"बोट घसरलं."

सुनेनं कागदाकडे पाहिलं. "नाही, माझंच चुकलं. मी उजवी बाजू बघितलीच नाही."

ती रडकुंडीला आली, तसा सासूबाईंचा धीर सुटला. "तुझं नाही गं चुकलं. मला तो दिसलाच नाही."

सून उठली. सासूबाईंच्या उजव्या कानाजवळ हात धरून तिनं विचारलं, "किती बोटं आहेत?"

"कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं तो हात सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला. मी मात्र माझं काम करत होते. सहा मजले, सगळ्या किल्ल्या, पुसून टाकत होते.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरकडे जाऊन आल्या. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवायला रोज थेंब घालायचे, असं डॉक्टर म्हणाले. मुलाला कळवलंय. आता पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात झालीय. सून उजवीकडे बसते आणि "आला, आला, हाणा!" म्हणून ओरडते. सासूबाई म्हणतात, "मी बहिरी नाहीये गं!" आणि हाणतात.

माझी भीती काही जात नाही. पण मी पुसलेलं पुन्हा खेळून तरी मिळवता येतं, गेलेली नजर नाही. म्हणून कळकळीनं सांगते, तुमच्या घरात कुणी एकाच बाजूनं सारखं दाराला धडकत असेल, तर हसू नका. त्यांना विचारा, आणि आजच विचारा.