ऐकू येईल एवढ्या अंतरावर

“ऐकू येईल एवढ्या अंतरावर कुणी आहे का?” रविकिरणनं फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला.

“कोणी न्हाई. आईच हाय आत,” महांतेश म्हणाला.

आत कमलम्मा भाकरी थापत होती. याच सर्वेक्षणात ती उदगीरभर बायकांचे फॉर्म भरायची, रविकिरण लग्नाच्या वयाच्या पोरांचे. जवळ कुणी असलं तर प्रश्नच विचारायचे नाहीत, असा नियम. पण आईला कोण माणसात धरतं? रविकिरणनंही ‘कुणी नाही’वर खूण करून टाकली.

“बायको नको म्हणत असताना नवऱ्यानं जबरदस्ती केली, तर चालेल?”

कमलम्माला उत्तर ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी याच कारणानं ती चार वर्षांच्या महांतेशला काखोटीला मारून नवऱ्याच्या घरातून निघाली होती. पोरगं मोठं झाल्यावर एकदाच तिनं त्याला ते सांगितलं. “आई, म्या तसा होणार न्हाई,” म्हणून तो तिच्याबरोबर रडला होता.

“चालंल की,” महांतेश म्हणाला. “मग लग्न कशाला करायलोत? आमच्या आईनं तेवढ्यावरनं घर मोडलं. बापाचं काय चुकलं, सांगा!”

तव्यावरची भाकरी करपली. बाई गं! जिवापलीकडं जपलेली गोष्ट, आणि पोरानं ती परक्यापुढं टाकली, तीही बापाच्या बाजूनं!

रविकिरण गेल्यावर ती बाहेर आली. “काय बोललास रे?”

“सर्व्हे हाय आई. नाव बी लिहीत न्हाईत.”

“मग खोटं बोललास?”

त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. “सगळेच तसं म्हणायलेत. तू उगी मनाला लावून घेऊ नको.”

महांतेशचं लग्न बारा दिवसांवर होतं. कमलम्मानं पायात चपला सरकवल्या आणि देवणीची एसटी धरली. फॉर्ममधलं बाहेर बोलणार नाही, असं तिनं कामावर लिहून दिलं होतं. गेलं खड्ड्यात!

होणारी सासू आली म्हणून पुनमच्या घरात एकच धांदल उडाली. कमलम्मा चहालाही थांबली नाही. पुनमला मागच्या खोलीत नेऊन तिनं सगळं सांगितलं, पोराचं आणि स्वतःचंही.

पुनम पत्रिकांवर नावं घालत होती. तिचा पेन थांबला. “तुमचाच पोरगा हाय नं? मग तुम्ही कशाला सांगायलात?”

“मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई.”

पत्रिका बाजूला सारून पुनमनं बापाला हाक मारली, “अप्पा, जरा आत या.”

कमलम्मा जागची हलली नाही.