बिनपट्ट्याचा गुडघा

थोरल्या जाऊबाईंनी चादर सारून मांडीवरचा काळानिळा वळ पुन्हा एकदा बघितला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची धाकटी जाऊ वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊनही आली.

दोघींचे गुडघे परवा एकाच डॉक्टरांनी बदलले होते. ऑपरेशनच्या वेळी थोरलीच्या मांडीला हवा भरलेला पट्टा आवळून रक्त अडवलं होतं. धाकटीच्या पायाच्या रक्तवाहिन्या नाजूक, म्हणून तिचं सगळं पट्ट्याशिवाय उरकलं. पट्ट्याचं दुखणं काही दिवसांत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. थोरलीला ते पटलं नाही. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून सासूने हिलाच डोक्यावर बसवलं. मुलं हिचीच शिकली. केससुद्धा हिचेच अजून काळे. आता गुडघाही हिचाच आधी वळणार.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, तेव्हा थोरलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. झोपून राहिलात तर गुडघा आखडेल, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. थोरली ढिम्म. मग धाकटी पुन्हा निघाली, थोरलीच्या खाटेला वळसा घालून, चक्क गुणगुणत. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वॉकर ओढला आणि दातओठ खात खिडकी गाठली.

दुपारी कुजबुजीने तिला जाग आली. धाकटी नर्सकडे दुखण्याची गोळी मागत होती. आवाज रडवेला. एवढं सोसवत नाही तर फेऱ्या कशाला मारता, असं नर्सने विचारलं.

"मी चालले नाही, तर ती उठायची नाही," धाकटी म्हणाली. "पस्तीस वर्षं ओळखते तिला. हळू बोला, ऐकेल."

थोरलीने डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी वॉकर आधी तिनेच घेतला.

"चल, जिन्यापर्यंत जाऊ. पण मी पुढे. मला मागे टाकायचं नाही, सांगून ठेवते."

"बरं, ताई."

थोरलीच्या मांडीतली कळ आता बरीच उतरली होती. मनात आणलं असतं तर ती एका दमात गेली असती. तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली. मागचा वॉकर टेकल्याचा आवाज आला, तेव्हा दुसरं टाकलं.