शशिकलेच्या कथेचं चौथं पान

पिपलानीच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीत एक हस्तलिखित निघे. माझं अक्षर बरं, म्हणून सगळ्यांचं लेखन मीच सुवाच्य उतरवून काढायचो. त्यापलीकडे मला काही येत होतं, असं आजही वाटत नाही.

त्या वर्षी माझ्या बायकोने, शशिकलेने, प्रेमकथा दिली. नायक केशव, इंजिनिअर. लग्नाला वीस वर्षं झाली तरी ड्यूटीवरून येताना रोज मोगरा आणणारा, बायको रुसली की गझल म्हणणारा.

मंडळाच्या बैठकीत शेजारच्या सुनंदाताईंनी विचारलं, "वहिनी, असा नवरा कुठल्या सेक्टरमध्ये मिळतो हो?"

"गोष्टीतच. आमच्याकडे नुसतं अक्षर चांगलं," शशिकला म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या त्या हसण्याचाच मला जास्त राग आला.

घरी कथा उतरवताना चौथ्या पानापासून मी ती बदलली. केशवला तसाच ठेवला. त्याच्या बायकोला मात्र तोंड उघडं टाकून घोरायला लावलं, वर्तमानपत्र आधी बळकावून शब्दकोडं पेनाने चुकीचं भरायला लावलं, आणि हातून गेलेल्या ग्वाल्हेरच्या स्थळाची दर रविवारी आठवण काढायला लावली. इतकं झरझर मी कधी लिहिलं नव्हतं. गणपतीतल्या वाचनाच्या कार्यक्रमात, भरल्या हॉलमध्ये, शशिकला माझ्याच प्रतीवरून वाचणार होती. तिथे ती सगळ्यांसमोर अडखळायला हवी होती, बस्स.

कार्यक्रमात तिचं वाचन सुरू झालं आणि चौथं पान आलं. ती थांबली. तिसऱ्या रांगेत तिने मला शोधून काढलं. मग शांतपणे शब्द न् शब्द वाचला. घोरणं, कोडं, ग्वाल्हेर. लोकांना वाटलं, ती स्वतःचीच थट्टा करतेय. हॉल हसून लोळला. "वा वहिनी, क्या बात है!" मंडळातला मधुकर ओरडला.

हशा ओसरल्यावर कागदाकडे न बघता ती पुढे म्हणाली, "हे सगळं केशवने बायकोच्या पाठीमागे लिहून ठेवलं. तोंडावर बोलायला त्याला जमलं नाही. ती मात्र इतकी वर्षं त्याच्या बोलण्याची वाट पाहत होती."

आता कोणी हसलं नाही. सुनंदाताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हस्तलिखिताची सुटी पानं माझ्यापुढे ठेवली.

"अहो, शेवटची वाक्यं यात नाहीत. घाला. सुवाच्य."

"शशी, मंडळाच्या लायब्ररीत राहील ते. सगळे वाचतील."

"म्हणूनच."

मी लिहिलं. 'जमलं नाही'पाशी ओळ तिरकी गेली. तिने ते पान फाडलं आणि कोरा कागद पुढे सरकवला.