पाणी ठीक आहे

सकाळी सात वाजता रंगारी चहाचं आधण ठेवायचा आणि बायकोचा फोन हातात घ्यायचा. फोन ती जिथे चार्जिंगला लावायची तिथेच असायचा. इमारतीच्या ग्रुपवर तो एका बोटाने तीन शब्द लिहायचा: पाणी ठीक आहे. मग चहा उकळेपर्यंत अंगठे यायचे. चोवीस घरांपैकी पंधरा-सोळा घरांचे तरी यायचेच. कधी कुणी सवयीने 'थँक्यू काकू' असंही लिहायचं आणि जीभ चावून पुसून टाकायचं. त्याला ते पुसलेलंही आवडायचं. कित्येक दिवस त्याच्याशी तेवढंच कुणी बोलत असे.

काकूंना जाऊन पाच महिने झाले होते.

त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या. शिक्षण बेताचंच, पण तीस वर्षं साहेबांच्या मागे उभं राहून जे पाहिलं ते साहेबांच्या पुस्तकातही नसेल, असं त्यांचं म्हणणं. नोकरी संपली तशी त्यांनी इमारतीची टाकी अंगावर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी गच्चीवर जायच्या, लोखंडी शिडीने टाकीवर चढायच्या, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायच्या. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारायचं औषध आहे. नाही झालं तर नाही. मग नळी घरी आणून नवऱ्याच्या नाकासमोर धरायच्या.

"अहो रंगारी, बघा बरं. पुरेसा पिवळा आहे का?"

तो चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "लिंबाच्या सालीपेक्षा जरा फिका. चालेल."

त्या घरात त्याचं मत एवढ्याच बाबतीत विचारलं जायचं.

त्या गेल्यावर आठवड्याने ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'पाण्याचं आता कोण बघणार?' चोवीस घरं मूग गिळून गप्प. रंगाऱ्याने बायकोच्याच फोनवरून लिहिलं, मी बघतो. दुसऱ्या दिवशी तो गच्चीपर्यंत गेलाही. शिडीखाली तिच्या रबरी चपला होत्या, गच्चीसाठी वेगळ्या ठेवलेल्या. एकीचा पट्टा दोऱ्याने शिवलेला होता. तो तिथूनच मागे फिरला. सगळं आयुष्य शिडीवर काढलेला माणूस, पण सात पायऱ्या चढवेनात. खाली येऊन त्याने लिहिलं, पाणी ठीक आहे. खोटं बोलावं म्हणून नाही लिहिलं. पाणी कधी बिघडलंच नव्हतं, मग आज बिघडायला काय झालं? उद्या चढू.

हा उद्या पाच महिने चालला.

एका मंगळवारी तळमजल्यावरचं शिलाई मशीन वाजलं नाही. शिवणकामवाली म्हणजे घड्याळच होती. नऊला मशीन सुरू म्हणजे सुरू. दुपारी जिन्यात कळलं की तिच्या सासूला दवाखान्यात ठेवलंय. तीन दिवस जुलाब, सलाईन लावलंय.

ही म्हातारी रंगाऱ्याची दोस्तच म्हणायची. तो खाली उतरला की ती दारातून हटकायची, "काय, स्वारी कुठे? भिंत रंगवायला की तोंड?" म्हणून तो संध्याकाळी भेटायला गेला. म्हातारी पांढऱ्या चादरीत बोटभर उरली होती. डोळे मात्र तेच.

"आलात? माझं नाक-डोळं नीट रंगवून द्या. वर जायचं तर जरा टापटीप जाते."

"गप पडा, सासूबाई," शिवणकामवाली म्हणाली. रात्र जागून तिचे डोळे सुजले होते. ती रंगाऱ्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, डॉक्टर दोनदा विचारून गेले, पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, पाण्याचं नाव नका काढू. आमच्याकडे रोज तपासतात, रोज मेसेज येतो. काकूंनी घालून दिलेली शिस्त आहे."

रंगारी सलाईनच्या नळीकडे बघत राहिला.

"सासूबाईंनीच बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार. मी इतकी ओरडले यांच्यावर! चोरून खाता, वर कबूल करत नाही. त्या शपथा घेत होत्या, मी ऐकलंच नाही."

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "नाही खाल्लं गं बाई. दात कुठे आहेत मला बाहेरचं खायला?"

सून उगीच हसली. रंगाऱ्याला हसता आलं नाही. 'येतो' म्हणून तो निघाला. बाहेर रस्त्यात कुणीतरी हॉर्न वाजवून शिव्या दिल्या, तेव्हा त्याला कळलं की आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत. आपण तीन शब्द लिहितो. त्या तीन शब्दांवर एक म्हातारी खोटी ठरली, आणि डॉक्टरही भलतीकडे शोधायला लागला.

घरी येऊन त्याने फळीवरचा डबा काढला. नळी, औषधाची बाटली, पुसायचं फडकं, सगळं तिने ठेवलं होतं तसंच. उजेड अजून होता. गच्चीवर चपलांकडे न बघता तो शिडीला भिडला. शिडी करकरली. वर टाकीचं झाकण हातभर सरकलेलं होतं. आत पाण्यावर पिसं, आणि कोपऱ्यात कबुतराचं जे काही उरलं होतं ते. किती दिवसांचं होतं कोण जाणे. त्याने तरीही नळी भरली, थेंब टाकले, हलवली, पांढऱ्या भिंतीसमोर धरली.

पाणी पांढरंच राहिलं. लिंबाची सालही नाही, काहीच नाही.

तो शिडीवरच बसला. मनात आलं, गुपचूप टाकी धुऊन घ्यावी. उद्या लिहावं, पाणी ठीक आहे. खरंच ठीक असेल. कुणाला काय कळणार? पण म्हातारी शपथा घेत होती. आणि तिकडे डॉक्टर विचारत होता.

आधी त्याने शिवणकामवालीला फोन केला. "पाणीच आहे. टाकीत कबुतर मेलंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग." ती "अहो पण, रोज तर..." म्हणाली, तोवर त्याने फोन ठेवला. मग बायकोचा फोन घेतला. लिहायला त्याला अर्धा तास लागला.

'टाकीतलं पाणी पिऊ नका. खराब आहे. मी काकूंचा नवरा लिहितोय. पाच महिने मी टाकीवर चढलो नाही. न बघता लिहीत होतो. तिचा यात दोष नाही.'

त्या नंबराला तिचा फोटो होता, लग्नातला, तोंडात घास असलेला. तिच्या तोंडून आपण हे बोलतोय असं त्याला वाटलं, आणि त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग एकदम सुरू झालं. एकाने लिहिलं, माझ्या पोराचं पोट महिनाभर दुखतंय. एकीने लिहिलं, लाज नाही वाटली? एकजण ग्रुप सोडून गेला. त्याने सगळं वाचलं. एकही ओळ सोडली नाही.

दार वाजलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला होता, हातात बादली आणि खराटा.

"चला काका, टाकी रिकामी करू. मी वॉल्व्ह सोडलाय." मग चौकटीला टेकून, नजर चुकवून म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"शिडी माझ्या छतावर आहे. काकू चढल्या की सहा वाजता करकर व्हायची. मी त्यावरच उठायचो. पाच महिने वाजली नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमची ही अवस्था. म्हटलं, लिहितोय बिचारा तर लिहू दे."

"आणि तू काय पीत होतास?"

टॅक्सीवाल्याने मान खाली घातली. "मी... उकळून."

रंगाऱ्याचा हात उठला होता, पण तो त्याने खराट्यावर नेऊन ठेवला. "माझ्यावर दया करायची होती तर शिव्या घालायच्या होत्यास," तो म्हणाला. "म्हातारी मेली असती तर आपण दोघं काय केलं असतं?"

दोघांनी मिळून टाकी घासली.

म्हातारी चौथ्या दिवशी घरी आली. रंगारी दारात गेला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने टोमणा मारला असता तर त्याने तो आनंदाने घेतला असता. शिवणकामवाली मशीनवरून न उठता म्हणाली, "मी तुम्हाला ग्रुपवर घेतलंय. उद्यापासून तुमच्या नंबरवरून टाकायचं. काकूंच्या नाही. आणि फोटो टाकायचा, नळीचा. नुसत्या शब्दावर नाही आता."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहाला शिडी करकरली. पाणी पिवळं झालं, पण फिकं. लिंबाच्या सालीपेक्षा फिकं की नाही, हे त्याला एकट्याला ठरवता येईना. घरी नळी टेबलावर धरून त्याने आपल्या फोनने फोटो काढला. कोपऱ्यात त्याचा अंगठा आला, नखात जुना रंग भरलेला. तो तसाच ठेवून त्याने लिहिलं, 'फिकं पिवळं. आज उकळून प्या.'

टेबलावर बायकोचा फोन वाजला.

तो दचकला. मग कळलं, त्याचाच निरोप तिकडे पोचला होता. तिच्या फोनवर त्या निरोपाच्या वर त्याचं नाव नव्हतं. तिने त्याला जे नाव देऊन ठेवलं होतं ते होतं: आमचे शिडीवाले. तिने हे कधी लिहून ठेवलं, ते त्याला कधी कळलंच नव्हतं.

चहा उकळून उतू गेला. अंगठा एकाही घराचा आला नाही. तिच्या फोनवरून एक देता आला असता. बोट काचेपर्यंत गेलंही. मग त्याने ते मागे घेतलं, गॅस पुसला, आणि पिण्याच्या पाण्याचं पातेलं चढवलं.