ती कावीळ नव्हती

फाल्गुनाचं ऊन. पिवळं, पिकलेलं, परिपक्व ऊन. कृष्णाकाठच्या त्या गावावर ते असं उतरतं की आकाश कुठं संपलं आणि हळदीचं खळं कुठं सुरू झालं, डोळ्यांना कळू नये. खळ्यावर वाळणारी सुवर्णवर्णी हळकुंडं, काहिलीतून उठणारी उग्र-मधुर वाफ, बायकांच्या तळव्यांत, नखांत, पायांच्या भेगांत मुरलेला पीतवर्ण. महिनाभर या गावात सगळ्यांचेच हात नवरीसारखे पिवळे असतात.

आणि याच गावात, अहो, याच हळदीच्या गावात, एका सुनेच्या ताटात वर्षभर हळद नव्हती.

त्रिशला तिचं नाव. अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या बाळंतपणानंतर, तिच्या मनावर मळभ आलं. घनगर्द, निःशब्द, निर्दय मळभ. झोप गेली, भूक गेली, हसू गेलं. केसांत कंगवा अडकवून ती तासन् तास बसे. लेकरू पाळण्यात टाहो फोडी, आणि तिला वाटे, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात कुणीतरी रडतंय. नवऱ्यानं मिरजेला नेलं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिला बोलतं केलं. हळूहळू, कणाकणानं, उजाडलं.

पण गावाला काय सांगायचं? सासूबाई मोठ्या धोरणी. "कावीळ झालीया," त्यांनी उंबऱ्यातूनच जाहीर केलं. आणि खोटं बोलावं तर नीट निभवावं, हा त्यांचा खाक्या! आमटीतली हळद गेली, फोडणीतलं तेल गेलं. त्रिशलेच्या पानात पांढरीफटक आमटी आली. मग काय विचारता! गाव लोटलं. कुणी फुटाणे आणले, कुणी मुळा, कुणी गुऱ्हाळावरून ताज्या रसाची कळशी. वेड लागलंय म्हटलं असतं तर जी पावलं उंबऱ्याशीच अडली असती, ती थेट तिच्या अंथरुणापाशी आली. ज्याच्या त्याच्या हातात माया होती. खोट्या नावानं आलेली असली, तरी माया खरीच होती.

रस गोड होता. खोटंही गोड होतं. तिथंच घात झाला.

वैजयंता ही गावातल्याच हौसाक्काची लेक, गावातच दिलेली, त्रिशलेची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच खळ्यावर, एकाच ओळीत बसून हळकुंडं निवडायच्या. पुढच्याच फाल्गुनात, अशाच एका पिवळ्याजर्द दुपारी, वैजूचे हात थांबले.

"त्रिशे, मला झोपच न्हाय गं लागत. जीव कशात रमत न्हाय. तुझंबी असंच झालंतं न्हवं? खरं सांग, काय झालंतं तुला?"

खरं सांग. एवढंच मागितलं होतं बिचारीनं. त्रिशलेच्या ओठांवर मिरज आली, मनाचे डॉक्टर आले, गोळ्या आल्या. पण पलीकडं चार बायका, त्यांचे आठ कान. आणि घरी सासूबाईंनी जिवापाड जपलेली अब्रू. आलेलं सगळं तिनं गिळलं.

"कावीळच की," ती म्हणाली. "रस पी. बरं वाटंल."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच रसाची कळशी पोचवली. वैजू भाबडी. पंधरा दिवस तिनं मैत्रिणीच्या शब्दावर रस प्यायला. सोळाव्या दिवशी तिनं आपल्या हातानं आपलं आयुष्य संपवलं.

"कावीळ डोक्यात गेली," गाव म्हणालं. हौसाक्कानंही तेच उराशी धरलं, आणि व्रत घेतलं: दर फाल्गुनात, लेकीच्या तिथीला, खळ्यावरच्या समस्त बायकांना रस पाजायचा. काविळीनं कुणाची लेक जाऊ नये. दरवर्षी त्या ओळीत त्रिशलाही बसे, आणि हौसाक्काच्या हातचा तो रस तिच्या घशाखाली उतरता उतरत नसे.

अखेर तीन वर्षांपूर्वी तिनं तोंड उघडलं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर गावोगाव जाऊ लागली. पारावर, शाळेत, बचत गटात उभी राहून सांगू लागली: "अंग आजारी पडतं, तसं मनही पडतं. माझं पडलं होतं. औषधानं मी बरी झाले. यात लाज कसली?" बायका डोळ्यांना पदर लावीत. कुणी मागून हळूच गाठून डॉक्टरांचा पत्ता विचारी. सतरा गावं झाली. अठरावं तिचं स्वतःचं होतं, आणि ते ती तीन वर्षं पुढं ढकलत आली होती. परक्या गावात जीभ सैल सुटते हो. आपल्या वेशीत आली की टाळ्याला चिकटते.

यंदा आशाताईंनी त्यासाठी नेमका वैजूच्या तिथीचाच दिवस धरला, कारण बायका आयत्याच जमतात. आज आपली गोष्ट सांगायचीच नाही, जगाची सांगायची, असं ठरवून त्रिशला खळ्यावर आली.

हौसाक्का आली. कंबर वाकलेली, काखेत कळशी. मागं तिची धाकटी सून, प्राजक्ता, पेल्यांची पाटी घेऊन. प्राजक्ता एक पेला पुसत होती. पुसलेलाच पुन्हा पुसत होती. शून्य, शुष्क, निद्राहीन डोळे. हे डोळे त्रिशलेनं आरशात पाहिले होते; वैजूच्या चेहऱ्यावर पाहिले होते.

"रातरातभर जागीच असती पोर," हौसाक्का शेजारणीला सांगत होती. "वैजीवानीच कावीळ दिसतीया. रोज रस पाजतीया मी हिला."

त्रिशला उभी राहिली. ठरवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

"आक्का, मला कावीळ न्हवती. माझं मन आजारी हुतं. मिरजेच्या गोळ्यांनी मी बरी झाली. वैजूनं मला खरं काय ते इचारलंतं. म्या खोटं सांगितलं."

खळ्यावरचे सगळे पिवळे हात थबकले. हौसाक्कानं कळशी खाली ठेवली.

"म्हंजे... त्या गोळ्या वैजीला लागू पडल्या असत्या?"

"बहुतेक पडल्या असत्या, आक्का."

"आन् तुला ठावं हुतं."

"व्हय."

म्हातारी रडली नाही. शिवी नाही, शाप नाही. त्रिशलेला वाटलं, हिनं दोन मुस्काटात द्याव्या, म्हणजे तरी सुटेन. पण सुटका इतकी स्वस्त कुठली! हौसाक्कानं सुनेच्या हातातला पेला काढून घेतला, ओतून दिला. मग कळशी कलती केली. दहा फाल्गुनांचं ते मधुर, मंद, मिथ्या व्रत हळकुंडांमधून वाट काढीत वाहू लागलं, आणि तहानलेली माती ते पीत राहिली.

"तुझ्याशी मी बोलणार न्हाय आता," ती म्हणाली. "जलमात न्हाय. पर उद्या हिला मिरजेला ने. वैजीला न्यायचं राहिलं."

एवढं बोलून ती रिकामी कळशी काखेत मारून चालू लागली. पिवळ्या उन्हात, पिवळ्या वाटेनं, वाकलेली, एकटी.

प्राजक्ता तशीच उभी होती, रिकाम्या हातांनी. त्रिशलेनं पुढं होऊन तिचा हात हातात घेतला, घट्ट धरला. दहा वर्षांपूर्वी याच खळ्यावर, याच उन्हात, असाच एक हात तिच्या शेजारी थांबला होता. असाच पिवळा. तो तिनं धरला नव्हता.